वरिजनल इथे ठेवू नका

सोमवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. रक्कम रुपये पाच हजार, पाचशेच्या दहा नोटा, बँकेच्या पाकिटात. हजर: मी, माझी पत्नी रेखा, तिची होऊ घातलेली भागीदार मंगला कोल्हे आणि टेबलाच्या पलीकडे प्रमिलाताई डोंगरे, कर सल्लागार, पांढुर्णा. मी पाकीट टेबलावर ठेवले. त्यांनी त्याला हातही न लावता लोखंडी पट्टीच्या टोकाने ते माझ्याकडे परत सरकवले.

“पैसे आखरीले,” त्या म्हणाल्या. “आधी सांगा, वरिजनल कुठं हायेत?”

मंगलाने पदराचे टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

मी बोरगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तेवीस वर्षांत माझ्या हातून एक नट चिठ्ठीशिवाय बाहेर गेलेला नाही. हे सांगण्याचे कारण एवढेच की पुढची चूक माझी होती, आणि ती मी करीन असे मला ओळखणाऱ्या कोणालाही वाटले नसते.

रेखा आणि मंगला आमच्या सौंसरच्या एकाच गल्लीत राहतात. मंगलाच्या सासरचा संत्र्याचा बगीचा आहे. व्यापारी तोडा नेतो तेव्हा बारीक फळ मागे सोडून जातो. त्याला इकडे चुरी म्हणतात. त्या चुरीचे सरबत आणि मुरब्बा दोघींनी दोन हिवाळे घरगुती करून पाहिला. खपला. मग नागपूरच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितले की माल चांगला आहे, पण तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असली पाहिजे. मंगलाकडे घरामागची शेड होती. रेखाकडे एक लाख साठ हजार रुपये होते. चौदा वर्षे शाळेचे गणवेश शिवून तिने ते जमवले होते आणि त्यातला रुपयाही माझा नव्हता. ते सगळे यात जाणार होते.

कंपनी कोणाकडून काढून घ्यायची, यासाठी मी एक तक्ता केला. पहिला रकाना नागपूरच्या एका ऑफिसचा: काचेचे दार, कॉफी, पॅकेज अठरा हजार पाचशे. दुसरा मोबाइलवरच्या जाहिरातीचा: सहा हजार नऊशे नव्व्याण्णव, माणूस दिसत नाही. तिसरा रकाना पांढुर्ण्याच्या डोंगरे मॅडमचा. त्यांचे नाव कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सुचवले होते, पण त्यांनी फोनवर फी सांगितली नाही, मुदत सांगितली नाही. म्हणाल्या, “येऊन बोला.” त्यामुळे तो रकाना कोरा राहिला आणि आम्ही नागपूरला गेलो.

तिथे टाय लावलेल्या साहेबांनी आम्हाला कॉफी पाजली. कंपनीचा पत्ता म्हणून रेखाच्या भावाचा नागपूरचा फ्लॅट घालायचे ठरले. फाइल उघडायला दोघींपैकी एकीच्या घरच्या जागेचे मूळ कागद लागतात, स्कॅन करून लगेच परत करू, असे ते म्हणाले. मंगलाने पिशवीतून शेडच्या जागेची रजिस्ट्री काढली. ती मी घेतली आणि माझ्या हाताने त्यांना दिली. पावती मागितली नाही. आठ दिवसांनी फोन केला तर उत्तर आले, फाइल प्रोसेसमध्ये आहे, पॅकेज पूर्ण भरा, मग सगळे एकदम मिळेल. तेव्हा आम्हाला तिसरा रकाना आठवला.

हे सगळे मी प्रमिलाताईंना सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही टोकले नाही. शेवटी विचारले, “रसीद?”

“नाही घेतली.”

“वानखेडे भाऊ, तुमी स्टोअरकीपर ना?”

“हो.”

“बरं,” एवढेच त्या म्हणाल्या. या विषयावर त्या मला पुन्हा कधीही बोलल्या नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागले.

मग मंगला बोलली. रजिस्ट्री तिच्या सासूच्या नावावर होती. सासूला न सांगता तिने ती पेटीतून काढली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी म्हातारी पेटीतले सगळे कागद पाटावर मांडते आणि एकेकाला हळदकुंकू लावते. “एक कागद कमी निंगाला ना मॅडम, तं माहं त्या घरात काही खरं नाही,” मंगला म्हणाली आणि रडायला लागली.

प्रमिलाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पट्टी ठेवून दिवस मोजले. “सतरा दिवस हायेत. रडाले दोन ठेवा. बाकी पंधरा पुरतात.”

मंगला रडताना हसली. मग प्रमिलाताईंनी वही उघडली.

“कंपनीचा बोर्ड कुठं लागन?”

“नागपूर,” रेखा म्हणाली.

“अन् कढई कुठं चढन?”

“सौंसरले.”

“हे त्या काचवाल्यानं इचारलं का?”

नव्हते विचारले. आम्हालाही सुचले नव्हते. प्रमिलाताईंनी चष्मा काढला. त्या मोठे काही बोलायच्या आधी चष्मा काढत.

“आपल्याले नागपूर घरचंच वाटते. दवाखाना नागपूर, बस्ता नागपूर, सोयरीक नागपूर. पन कागदाले रस्ता नाही दिसत, बाई, राज्य दिसते. बोर्ड महाराष्ट्रात, कढई मध्यप्रदेशात. गुन्हा नाही हा. पन दोन घरचा स्वयंपाक होते. इकडचं बी भरा, तिकडचं बी भरा. मंग उद्या पत्ता इकडं आनतो म्हनाल, तं त्याची निराळीच चक्कर. हे आपल्या इकडचेच लोकं करतात. भोपाळवाला असं करन का?”

मी विचारले, मग कंपनी तुम्ही काढून द्याल का?

“मी नाही काढत. माह्या सहीनं कंपनी होत नाही. तिले सीए लागते, नाही तं कंपनी सेक्रेटरी. मी जीएसटी करते, रिटर्न भरते, अन् कोनाची सही कुठं चालते ते सांगते. माही कुठं चालत नाही, ते पहिले सांगते.”

माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

प्रमिलाताई तेव्हा साठीच्या आसपास असतील. पांढुर्ण्याच्या एका वकिलाकडे त्यांनी बावीस वर्षे टायपिस्ट म्हणून काम केले. त्या काळात बाहेरून बी.कॉम. झाल्या आणि वकील वारल्यावर स्वतःचे टेबल मांडले. घर तिगावला. रोज तिथून ये-जा करत. ऑफिस म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका घराची पुढची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक, पाण्याचा माठ, बुद्धाची वीतभर मूर्ती आणि एक मोठे झेरॉक्स मशीन. कपाट एकच, तेही अर्धे रिकामे. कारण त्या कोणाचेही मूळ कागद ठेवून घेत नसत. समोर आला कागद की स्वतः उठून झेरॉक्स काढत आणि मूळ प्रत परत हातात देत. “वरिजनल माह्या घरी झोपत नाही,” हे त्यांचे वाक्य पांढुर्ण्यात सगळ्यांना माहीत होते. कोणी म्हटले, राहू द्या मॅडम, उद्या नेतो, तर त्या मशीन बंद करून दारात उभ्या राहत. तो कागद उचलेपर्यंत.

पेन टेबलाला सुतळीने बांधलेला होता. “लोकं चांगले असतात, पन पेन घेऊन जातात.” घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. चहा देत नसत आणि कोणी मागवला तर घेत नसत. “चहा पाजला का मानूस खरं बोलत नाही.” पाणी मात्र आल्याबरोबर मिळे, आणि पेला आपला आपण विसळून ठेवावा लागे. मोठा बागायतदार असो की रोजंदारीवरचा मजूर, पेल्याच्या बाबतीत सूट नव्हती.

ज्या सहकाऱ्याने त्यांचे नाव सुचवले, तो त्याच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीत होता. समितीची नोंदणी प्रमिलाताईंनी केली होती. समितीच्या लोकांना वाटले, बाई आपल्याच समाजाच्या, धर्माचे काम, फी घेणार नाहीत. त्यांनी पूर्ण फी घेतली आणि रसीद दिली. लोक नाराज होऊन उठले, तेव्हा त्यांनी पिशवीतून तेवढीच रक्कम काढून समितीला दान दिली आणि समितीकडून रसीद मागितली. समितीजवळ रसीदबुक नव्हते. प्रमिलाताईंनी दानाची रक्कम परत पिशवीत टाकली. “रसीदबुक छापा, मंग या. फी निराळी, दान निराळं.” पंधरा दिवसांनी समिती नवे रसीदबुक घेऊन आली. पहिली रसीद त्यांच्याच नावाची फाडली.

दुसरा किस्सा माझ्यासमोरचा. आम्ही पुढच्या सोमवारी रजिस्ट्री आणायला नागपूरला जाण्याचे ठरवत बसलो होतो, तेवढ्यात लोधीखेड्याकडचे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, पोराची कंपनी काढायची आहे, लवकर.

“काय करते पोरगा?”

“सध्या काही नाही.”

“कंपनी काय करन?”

“ते पुढं पाहू. महिन्याभरात लग्न हाये. पत्रिकेत नावाखाली डायरेक्टर लिवाचं हाये.”

प्रमिलाताईंनी चष्मा काढला. “पत्रिका कुठं छापून राहिले?”

“इथंच, बजारात.”

“मंग तिथंच सांगा डायरेक्टर लिवाले. छापखानेवाला कागद नाही मांगत.”

“मॅडम, खोटं कसं लिवाचं?”

“अन् खरं कराचं म्हनाल तं दरसाल ऑडिट, दरसाल फारम. एक रुपयाचा धंदा नसला तरी भरा लागते. नाही भरलं का दंड. कंपनी काढनं सोपं हाये, काकाजी, पोसनं महाग हाये. सुनेले पोसा त्यापरीस.”

गृहस्थ थोडा वेळ किल्ल्या वाजवत बसले. मग पाणी प्याले, पेला विसळला आणि गेले. पुढे मला कळले की पत्रिकेत ‘प्रगतिशील शेतकरी’ असे छापले.

एकवीस तारखेला, सोमवारी, आम्ही चौघे नागपूरला गेलो. आम्ही सौंसरहून बसने, त्या पांढुर्ण्याहून रेल्वेने. लक्ष्मीपूजनाला दहा दिवस राहिले होते. काचेच्या दारातून आत गेल्यावर तिथल्या मुलीने विचारले, अपॉइंटमेंट आहे का?

“नाही,” प्रमिलाताई म्हणाल्या. “आमाले बोलाचं काहीच नाही. या बाईचा कागद घ्याचा हाये. बसतो आमी.”

साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही गुबगुबीत सोफ्यावर बसलो. बारा वाजले. साडेबारा वाजले. प्रमिलाताईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकर, झुनका, हिरवी मिरची. मुलीने नाक किंचित मुरडले, तर त्यांनी तिलाच विचारले, “खातं का, बाई? सकाळपासून फोनच उचलून राहिली तू.” ती लाजून नको म्हणाली.

डबा धुऊन झाल्यावर एक जोडपे आत आले. प्रमिलाताईंनी त्यांना नमस्कार केला आणि शांतपणे विचारले, “तुमचे वरिजनल या ऑफिसवाल्यापाशी हायेत का?”

“हो. का?”

“नाही, असंच. रसीद घेतली असन ना तुमी?”

जोडप्याने एकमेकांकडे पाहिले. त्यानंतर एक तरुण आला, त्यालाही तेच. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांनाही तेच. आवाज चढवला नाही, एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. चौथा एक कापडवाला होता. तो थेट काउंटरकडे वळला आणि म्हणाला, “माझी फाइल आधी दाखवा.” पाठोपाठ जोडपेही उठले.

टायवाले साहेब बाहेर आले. “मॅडम, तुम्ही इथे असं बोलू शकत नाही.”

“मी कुठं बोलून राहिली? मी इचारून राहिली.”

साहेबांनी मला ओळखले. म्हणाले, रजिस्ट्री मिळेल, पण फाइल चार्ज चार हजार भरावा लागेल. माझा हात पाकिटाकडे गेला होता हे मी कबूल करतो. पाच हजारांचे तेच पाकीट खिशात होते. प्रमिलाताईंनी माझ्याकडे न पाहताच पट्टी आडवी धरली. ती पट्टी त्यांनी नागपूरलाही आणली होती.

“भरतो ना,” त्या म्हणाल्या. “बिल द्या. त्याच्यावर लिवा, कायचे चार हजार. काय काम केलं ते बी लिवा. आमी आत्ता भरतो.”

बिल आले नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी रजिस्ट्री आली. प्रमिलाताईंनी सातही पाने मोजली, मंगलाला मोजायला लावली, शिक्के पाहिले. मग पिशवीतून कोरा कागद काढून त्यावर लिहिले की सात पानांची मूळ रजिस्ट्री आज परत मिळाली, मंगलाची सही घेतली आणि तो कागद साहेबांसमोर ठेवला.

“हे काय?”

“रसीद. तुमी देल्ली नाही, पन आमी देतो.”

जिना उतरल्यावर मंगला त्यांच्या पाया पडायला वाकली. त्या दोन पावले मागे सरकल्या. “कागद सांभाळ आधी, वाकून पाडशीन.” मी त्यांच्या दिवसाची फी विचारली. म्हणाल्या, बसून राहण्याची फी नसते. मग तिकिटाचे तरी घ्या, म्हटले. जाऊन-येऊन एकशे दहा रुपये. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, “कंपनीच्या नावावर लिवून ठेवा. कंपनी निघाली तं द्याल. नाही निघाली तं माहे गेले.”

मी लिहून ठेवले.

पुढच्या सोमवारी त्यांनी दोघींना ‘पेपर’ द्यायला बोलावले. धंद्यात दोन माणसे एकत्र यायची असली की त्या हे करत, हे आम्हाला आधी माहीत नव्हते. दोघींना खोलीच्या दोन टोकांना बसवले. एक सुतळीच्या पेनाने, दुसरी माझ्या पेनाने. प्रश्न त्यांनी हाताने लिहिले होते आणि झेरॉक्स काढून दोघींना दिले होते. एकमेकींच्या कागदात पाहायचे नाही. मला म्हणाल्या, “भाऊ, तुमी भाईर बसा. हा तुमचा पेपर नाही.”

मी ओट्यावर चाळीस मिनिटे बसलो. प्रश्न मला नंतर कळले. सकाळी किती वाजता येणार? घरात लग्न किंवा मयत झाली तर किती दिवस काम दुसरीने एकटीने करायचे? नातेवाइकाने बाटली फुकट मागितली तर? नवरा मध्ये बोलला तर चालेल का? धंदा मोडला तर कढया कोणाच्या? आणि सहावा: यातली कोणती गोष्ट तुम्ही घरी सांगितली नाही?

बाहेर येताना मंगला माझ्याकडे पाहून हसत होती. चौथ्या प्रश्नाला तिने लिहिले होते, “चालणार नाही. रेखाचा नवरा सगळं मोजते.” प्रमिलाताईंनी हे मला स्वतः वाचून दाखवले. म्हणाल्या, “मोजाले काम द्या भाऊले. बाटल्या मोजाचे. पन बोलाचं नाही.” तेव्हापासून मी बाटल्या मोजतो.

पाच उत्तरांपैकी तीन जुळली, दोन जुळली नाहीत. मयतीच्या दिवसांवर आणि फुकटच्या बाटलीवर त्यांनी दोघींना तिथल्या तिथे भांडायला लावले. रेखा इतक्या जोरात बोलताना मी लग्नाच्या चोवीस वर्षांत ऐकली नव्हती. भांडण संपले तेव्हा दोन्ही गोष्टी कागदावर आल्या होत्या. “आता झालं तुमचं लगीन,” प्रमिलाताई म्हणाल्या. “आधी मोडून पाहाचं, मंग जोडाचं.”

सहाव्या उत्तराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. दोघींचे कागद जिचे तिला परत दिले. झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

मग त्यांनी सल्ला दिला, तो असा. यंदा कंपनी काढू नका. भागीदारी करा, खाद्यपदार्थांची नोंदणी करा, आणि माल दुसऱ्या राज्यात विकायचा म्हणून जीएसटी नंबर घ्या. पत्ता सौंसरचा. एक लाख साठ नाही, साठच हजार टाका.

“पण दुकानदाराला कंपनी पाहिजे,” मी म्हटले.

“त्यानं लिवून देल्लं का?”

नव्हते दिले. त्यांनी मला तिथूनच त्याला मेसेज लिहायला लावला की नक्की काय काय लागेल ते लिहून कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. जीएसटी नंबर आणि फूडचा नंबर, बस. कंपनीचा शब्दही नव्हता.

लक्ष्मीपूजनाला मंगलाच्या सासूने पेटी उघडली. रजिस्ट्री जागेवर होती. म्हातारीने हळदकुंकू लावायला ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, “हे टाचनीचं भोक नवं हाये.” मंगलाने सगळे सांगून टाकले. म्हातारी ऐकून म्हणाली, “मले इचारलं असतं तं मी देल्ली असती. झेरॉक्स.”

भागीदारीचा मसुदा प्रमिलाताईंनी सुचवलेल्या वकिलाने केला. त्याच्याकडून त्या काही घेत नाहीत हे त्यांनी न विचारता सांगितले. सगळे झाल्यावर मी तेच पाकीट पुन्हा टेबलावर ठेवले. त्यांनी एकवीसशे घेतले, एकोणतीसशे परत दिले आणि रसीद फाडली.

पहिल्या हंगामात एकशे चाळीस बाटल्या फसफसल्या. झाकणे निकृष्ट निघाली. तोटा बावीस हजार. साठातून बावीस जाणे वाईट असते, पण त्यातून उठता येते. रेखाचे एक लाख बँकेत होते आणि तिला रात्री झोप येत होती. तो तोटा भरून निघाल्यावर, पुढच्या हंगामात, तिने मला सहाव्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. तिने लिहिले होते: “पैसे बुडाले तर हे मला काही म्हणणार नाहीत. पण वहीत लिहून ठेवतील आणि ते पान कायम राहील. याची मला भीती वाटते, हे मी घरी सांगितलं नाही.”

मी वही पाहिली. बावीस हजारांचे पान होते. तारीख, वार, बाटल्यांची संख्या, आणि पुढे ‘रेखा’. मी नाव खोडले आणि तिथे ‘झाकणे’ असे लिहिले.

यंदा गल्लीतल्या आणखी दोघी पैसे घालून हिस्सेदार व्हायला तयार झाल्या. चार जणी झाल्यावर प्रमिलाताईच म्हणाल्या, “आता काढा कंपनी. आता तिले पोसाची ताकत हाये.” त्यांनी एका कागदावर तीन नावे लिहून दिली, प्रत्येकासमोर त्याची सही कशाकशाला चालते ते, आणि खाली एक ओळ: यांच्याकडून मी दलाली घेत नाही. मी पुन्हा तक्ता केला. या वेळी पहिला रकाना होता, ‘त्यांनी आम्हाला काय विचारले’. छिंदवाड्याच्या एका कंपनी सेक्रेटरी बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “कढई कुठे आहे?” आम्ही त्यांना काम दिले. फी चौदा हजार, सरकारी खर्च वेगळा, सगळे बिलावर. चौघींचे हिस्से सारखे. माझा हिस्सा शून्य.

त्यानंतर महिन्याभराने प्रमिलाताईंचे ऑफिस बंद झाल्याचे कळले. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बँकेने सही जुळत नाही म्हणून त्यांचा चेक तीनदा परत केला. तिसऱ्या वेळी त्यांनी एकेका पक्षकाराला बोलावून त्याची फाइल हातात दिली आणि टेबल विकून टाकले. लोक म्हणाले, मॅडम, अंगठा लावा, शिक्का वापरा. त्या म्हणाल्या, “ज्याची सही ब्यांकेत चालत नाही, त्यानं दुसऱ्याच्या रिटर्नवर कोन्या तोंडानं कराची?”

मी, रेखा आणि मंगला तिगावला गेलो. त्या अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. हात सुपात थरथरत नव्हता. मी कंपनीचे प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी ते हातभर लांब धरले आणि आधी पत्त्याची ओळ वाचली.

“सौंसर. बरोबर.” मग कागद उलटा करून पाहिला. “वरिजनल हाये का हे? मंग इथं ठेवू नका.”

“मॅडम, हे कॉम्प्युटरवर निघते,” मंगला म्हणाली. “कितीबी काढा.”

“वरिजनलच नाही?” त्यांनी शिक्का शोधत कागदावर बोट फिरवले. “बरं झालं. चोरी नाही जानार.” तरी तो त्यांनी परतच दिला.

मी खिशातून एकशे दहा रुपये काढले. त्या हसल्या. विसरल्या नव्हत्या. त्यांनी आतून जुने रसीदबुक मागवले. रकमेचा आकडा मंगलाकडून लिहून घेतला आणि सही मात्र स्वतः करायला बसल्या. गुडघ्यावर सूप उलटे ठेवले, त्यावर पुस्तक, डाव्या हाताने उजवे मनगट धरले. वेळ लागला. आम्ही कोणी मदत केली नाही. सही झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ती पाहिली. पहिल्या रसीदेवरच्या सहीशी तिचा काही संबंध नव्हता.

“ही आता ब्यांकेत चालत नाही, वानखेडे भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमच्यापाशी चालन का?”

“चालते,” मी म्हणालो.

रुपये एकशे दहा, पांढुर्णा ते नागपूर जाऊन-येऊन भाडे, कंपनीच्या खात्यातून श्रीमती प्रमिला डोंगरे, तिगाव, यांना रोख दिले. रसीद माझ्याजवळ आहे. वरिजनल.